वाट कुणी सोडायची?

वसुबारसेची संध्याकाळ होती. स्वयंपाकघरात चकलीचा शेवटचा घाणा कढईत होता. चौथ्या मजल्यावरच्या दारापुढल्या हातभर जागेत (आता अंगण कुठले!) आमच्या सौभाग्यवतींनी गाय-वासराची रांगोळी काढली होती. आणि मी हातात मोबाइल घेऊन एका ठिपक्याकडे टक लावून बसलो होतो. हल्ली कुणाचे विमान कुठवर आले हे घरबसल्या दिसते. त्या ठिपक्यात माझी मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात होती. ठिपका उतरणीला लागला, विमानतळाच्या अगदी तोंडाशी आला, आणि एकाएकी पुन्हा वर चढून भलत्याच दिशेला निघून गेला.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते मागाहून सांगेन. मंडळी रात्री सुखरूप घरी आली, एवढे आता पुरे. जावईबापू मात्र तापलेले होते. पायांवर पाणी घेता घेताच म्हणाले, "अण्णा, धावपट्टीवर घारी उतरल्या होत्या म्हणे! दोनशे माणसं घारींसाठी आकाशात घिरट्या घालतात. एकदा गोळ्या घालून संपवून का टाकत नाहीत?"

"सणासुदीचं काय हे बोलणं!" सौभाग्यवती म्हणाल्या आणि चकलीची ताटली पुढे केली.

जावई माझे इंजिनिअर आहेत; राग ओसरला की विचारही करतात. चकलीचा तुकडा मोडून त्यांनीच पुढे सांगितले की परदेशांतल्या काही विमानतळांवर आता पक्ष्यांसाठी म्हणून वेगळे रडार असते. थवा कुठून उठला, किती उंचीवर आहे, धावपट्टीकडे येतो आहे की नाही, हे नियंत्रण मनोऱ्यात बसल्या जागी कळते. "ते सगळीकडे बसवलं की प्रश्न मिटला," ते म्हणाले.

मला वाटते, प्रश्न तिथेच सुरू होतो.

पक्षी आणि विमान यांची टक्कर ही काही आजची गोष्ट नव्हे. राइट बंधूंचे विमान धड उडू लागले न लागले तोच, १९०५ साली, डेटनजवळच्या एका मक्याच्या शेतावर ऑर्व्हिलने पक्ष्यांच्या थव्याचा पाठलाग केला आणि एक पक्षी मारला, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. म्हणजे पहिली आगळीक कुणाची, याबद्दल वाद नको. १९१२ साली कॅल रॉजर्स हा वैमानिक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उडत असताना एक कुरव पक्षी त्याच्या विमानाच्या तारांत अडकला, आणि तो समुद्रात कोसळून गेला. आदल्याच वर्षी या गृहस्थाने अमेरिका खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानाने पार केला होता.

तरी ती संथ विमाने होती. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. गाडीच्या काचेवर चिमणी आपटली तर आपण हळहळतो. जेट विमानाच्या इंजिनात किलोभर वजनाचा पक्षी शिरला तर आतली पाती मोडू शकतात. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनच्या विमानतळावरून उडालेले एक विमान काही क्षणांतच बंदराच्या पाण्यात कोसळले आणि ७२ पैकी ६२ माणसे गेली. ते स्टार्लिंगांच्या थव्यात शिरले होते. स्टार्लिंग म्हणजे ज्वारीवर उतरणाऱ्या आपल्या भोरड्यांचे भाऊबंद, मुठीत मावणारा पक्षी. इंजिनांत सापडलेल्या पिसांच्या चिंधड्यांवरून रॉक्सी लेबोर्न या स्मिथसोनियन संस्थेतल्या बाईंनी तो ओळखला, आणि पिसांवरून अपघाताचे कारण शोधण्याचे शास्त्रच त्यातून उभे राहिले. पण मौज अशी, मौज म्हणवत नाही खरी, की हा पक्षी मुळात अमेरिकेचा नव्हेच. १८९० साली एका हौशी गृहस्थाने न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठ स्टार्लिंग युरोपातून आणून सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीस. सत्तर वर्षांनी त्या हौसेची किंमत बोस्टनमध्ये ६२ घरांनी दिली. आकाशात पक्षी 'आडवा आला' असे आपण म्हणतो तेव्हा त्याला तिथे कुणी आणले, हे एकदा विचारावे.

आपल्याकडेही तेच. विमानतळावर घारी का येतात? भोवतालच्या उघड्या कचऱ्यासाठी, खाटिकखान्याच्या टाकाऊ मांसासाठी. विमानतळाच्या १० किलोमीटरांच्या आत जनावरे कापून घाण टाकू नये, पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर फेकू नये, असे आपल्या १९३७च्या विमान-नियमांत लिहून ठेवलेले होते. १९८०च्या दशकात डॉ. सालिम अली आणि रॉबर्ट ग्रब यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे देशातल्या विमानतळांचा अभ्यास केला, तेव्हा घारी आणि गिधाडे यांचा माग शेवटी कचऱ्याच्या ढिगाशीच पोचत होता. आधी पान वाढायचे आणि पाहुणा आला की बंदूक काढायची, अशी ही रीत. गिधाडांचा प्रश्न मग सुटला म्हणे. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडे शेकड्याला नव्वदाच्या वर मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर आकाश रिकामे झाले होते. ज्या पक्ष्याची वैमानिकांना एवढी धास्ती होती, तो आम्ही नकळत संपवला. त्या 'नकळत' शब्दापाशी मी बराच वेळ अडलो.

कारण रडारने घाव घातला आहे तो नेमका याच शब्दावर.

रडारची युक्ती तशी साधी. रेडिओलहरींचा एक ठोका आकाशात सोडायचा आणि कशावर तरी आपटून त्याचा पडसाद परत कधी येतो ते मोजायचे. डोंगराशी उभे राहून आपण 'ओ' देतो आणि पलीकडून 'ओ' येते, त्यातलाच प्रकार. धातूच्या विमानाला पडसाद येणारच. पण पक्ष्यालाही येतो. पिसांना या लहरी फारशा जुमानत नाहीत. पडसाद येतो तो पक्ष्याच्या अंगातल्या पाण्याचा. रोहित पक्ष्याचा तो गुलाबी दिमाख रडारला दिसतच नाही. त्याला दिसतो आकाशातून चाललेला एक पाण्याचा तांब्या.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावर शत्रूची विमाने हेरण्यासाठी रडार बसवले तेव्हा पडद्यावर असे काही ठिपके दिसू लागले की ते विमानांचे नव्हते आणि जहाजांचेही नव्हते. शिपायांनी त्यांना नाव दिले 'देवदूत'. त्या वेळी लष्कराच्या रडार-विभागात डेव्हिड लॅक नावाचे पक्षिशास्त्रज्ञ कामाला होते. त्यांनी सांगितले, हे पक्षी आहेत. पुष्कळांना ते पटेना; एवढासा जीव रडारला कसा दिसेल? १९४५ साली लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. पुढच्या दहाबारा वर्षांत झुरिकच्या विमानतळावरच्या रडारवरून अर्न्स्ट झुटर यांनी रात्रीच्या स्थलांतराचा अभ्यासही केला. म्हणजे साठसत्तर वर्षांपूर्वीच विमानतळाच्या पडद्यावर पक्षी दिसत होते!

मग आपण काय केले? त्यांना पुसून टाकले. नियंत्रकाला विमाने पाहायची असतात. पक्षी, पाऊस, टेकड्या यांचे पडसाद म्हणजे नसती अडगळ. ती गाळून टाकणारी यंत्रणा रडारमध्येच बसवण्यात आली. पुढे तर असे रडार मुख्य झाले की जे आकाशाला प्रश्न विचारते आणि विमानातले यंत्र त्याला आपला क्रमांक नि उंची उत्तरादाखल कळवते. जो उत्तर देतो तो आकाशात आहे. जो देत नाही तो नाही. किती घरांत, किती कचेऱ्यांत ही पद्धत चालते, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

पक्ष्यांसाठी म्हणून जे नवे रडार निघाले त्याने काय केले, तर इतकी वर्षे जे गाळले जात होते तेच ठेवले आणि बाकीचे गाळले. त्याचा एक आरसा आडवा फिरतो, दुसरा उभा. एकाने दिशा कळते, दुसऱ्याने उंची. पंखांची फडफड पडसादातून मोजून पक्षी लहान की मोठा याचा अंदाज येतो. नेदरलँड्स, अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत ती बसली आहेत. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियात मुआन येथे विमान उतरताना बांधावर आदळून १७९ माणसे गेली. त्याच्या दोन्ही इंजिनांत बैकाल बदकांची पिसे सापडली. त्या विमानतळावर असे रडार नव्हते. त्यानंतर तिथल्या सरकारने ते सगळ्या विमानतळांवर बसवायचे ठरवले.

आता 'नकळत' म्हणायची सोय राहिली नाही. अजाणता घडलेल्या पापाला आपल्याकडे प्रायश्चित्त हलके असते. लहानपणी पायाखाली मुंगी मेली तर आजी म्हणायची, "दिसली नाही ना तुला? मग जाऊ दे." पण दिसल्यावर?

इथे कुणी म्हणेल, माणूस की पक्षी असा प्रसंग आला तर निवड उघड आहे. आहेच. मी काही अहिंसेचा एवढा मोठा उपासक नव्हे. घरात झुरळ निघाले तर चप्पल मीच शोधतो. पण निवड तशी असते असे आपण समजतो ते आंधळेपणी. १५ जानेवारी २००९ रोजी न्यू यॉर्कहून उडालेल्या विमानाची दोन्ही इंजिने कॅनडाच्या रानहंसांमुळे बंद पडली आणि वैमानिकाने ते हडसन नदीवर उतरवले. १५५ माणसे वाचली. ती हकीकत सगळ्या जगाने वाचली. पुढची थोड्यांनी वाचली असेल. त्या उन्हाळ्यात शहराच्या बागांतून आणि तळ्यांतून बाराशेंवर रानहंस धरून मारण्यात आले. पण इंजिनांत सापडलेली पिसे स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा ते हंस शहरातले ठरले नाहीत. पिसांच्या घडणीतल्या हायड्रोजनवरून निघाले की ते दूर उत्तरेतून, लॅब्राडॉरकडून आलेले पाहुणे होते. गावचे हंस मेले ते कुणा परक्याच्या नावावर. विमानतळाजवळचे हंस कमी होणे सुरक्षिततेला बरेच, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. त्यात तथ्यही असेल. पण भीतीला डोळे नसले की ती हाताला लागेल त्याला मारते, एवढे मला त्यात दिसले.

भीतीला डोळे मिळाले तर काय होते, हेही एका देशात पाहायला मिळते. युरोपातले करकोचे, गरुड, पाणकोळी हिवाळ्यात आफ्रिकेला जातात. हे पंख पसरून तरंगणारे पक्षी; त्यांना जमिनीवरून उठणाऱ्या ऊन हवेचे झोत लागतात, आणि ते समुद्रावर मिळत नाहीत. म्हणून ते भूमध्य समुद्राला वळसा घालून इस्रायलच्या चिंचोळ्या पट्टीवरून जातात. वर्षातून दोनदा, सगळ्या जातींचे मिळून सुमारे ५० कोटी पक्षी. आणि त्याच आकाशात त्या देशाचे हवाई दल. विमाने पडली, वैमानिक गेले. तेल अवीव विद्यापीठातले योस्सी लेशेम यांनी १९८०च्या दशकात हवाई दलाशी संधान बांधले, स्वतः मोटारीच्या ग्लायडरमधून थव्यांबरोबर उडाले, त्यांचे मार्ग, वेळा आणि उंच्या लिहून काढल्या. नंतर लात्रुन येथे पक्षी पाहण्यासाठी एक रडार उभे राहिले. ते होते सोव्हिएत बनावटीचे, गारांचे ढग हेरणारे, आणि ते चालवायला सोव्हिएत संघातून आलेले लिओनिद दिनेविच नावाचे हवामानशास्त्रज्ञ. स्थलांतराच्या दिवसांत पक्ष्यांच्या वाटांवर ठरावीक उंचीच्या खाली लढाऊ विमानांनी उडायचेच नाही, असा नियम झाला. टकरी तीन-चतुर्थांशांनी कमी झाल्या. ज्या हवाई दलाने कुणा शेजाऱ्याला सहजी वाट दिल्याचे ऐकिवात नाही, त्याने करकोच्याला दिली!

याला दया म्हणू नये, हिशेबच म्हणावा. एका लढाऊ विमानाच्या किमतीत पुष्कळ करकोचे बसतात. पण हिशेबातून का होईना, बाजूला कुणी व्हायचे याचे उत्तर बदलले. मारणे स्वस्त की थांबणे स्वस्त, हे पक्षी कुठे आहे ते कळल्याशिवाय मांडताच येत नाही.

दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळ माउंट मोरलँड नावाच्या गावी लव्हाळ्यांचे एक दलदलीचे बेट आहे. तिथे युरोपातून येणाऱ्या भिंगऱ्या उन्हाळ्यात रात्रीच्या मुक्कामाला उतरत. तीस लाखांच्या आसपास. जवळच नवा विमानतळ व्हायचा होता. २०१० साली तो सुरूही झाला. लव्हाळी उपटून टाका, हा सोपा उपाय होता. त्याऐवजी पक्ष्यांचे रडार बसवले, आणि सांजेला भिंगऱ्यांचा लोट उतरत असेल तेव्हा विमानाने थोडे थांबावे किंवा दुसऱ्या बाजूने यावे, अशी योजना झाली. दिवेलागणीची ती घटकाभर सवलत.

इथवर आल्यावर रडारला ओवाळावेसे वाटते. पण मला एक शंका आहे, ती लपवून ठेवत नाही. आमच्या घराच्या गच्चीवरून ठाण्याच्या खाडीचा एक तुकडा दिसतो. थंडी पडली की तिथे रोहित पक्षी येतात, उन्हाळ्याअखेर जातात. २० मे २०२४ च्या रात्री उतरणाऱ्या एका विमानाच्या वाटेत त्यांचा थवा आला. विमान सुखरूप उतरले. घाटकोपरच्या वस्तीतल्या लोकांना गल्ल्यांतून पक्ष्यांची कलेवरे सापडली, सुमारे चाळीस. आता खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीची वाट वळवली. माणसांना विमानतळ हवा, मलाही हवा. पुढल्या दिवाळीला माझी नात कदाचित तिथेच उतरेल. पण पाणथळीला खेटून काही बांधायचे झाले आणि कुणी पक्ष्यांचा विषय काढला, तर "त्यात काय, रडार बसवू" असे उत्तर येईल, याची मला धास्ती वाटते. रडार पक्षी दाखवते. त्याला उतरायला जागा देत नाही. शिवाय ते सगळे दाखवतेच असे नाही. धावपट्टीच्या गवतातून अचानक उठलेल्या टिटवीची खबर द्यायला त्याला वेळच नसतो. हडसनवरच्या त्या विमानालाही ते वाचवू शकले असते की नाही, खात्रीने सांगवत नाही.

हे सगळे त्या रात्री मी जावईबापूंना सांगितले नाही. निम्मे तर मलाच तेव्हा ठाऊक नव्हते. दुसरेच एक मनात आले होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला आम्ही नदीच्या घाटावर उभे होतो. पिंड ठेवले होते, कावळे समोरच्या पिंपळावर बसून होते, पण एकही शिवेना. मंडळी घड्याळे पाहू लागली. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ. तेव्हा हेच जावई म्हणाले होते, "नको. थांबू." दोन तास ते त्या उन्हात अनवाणी उभे राहिले. एका पक्ष्यासाठी. मला हे बोलायचे होते, पण सणाच्या दिवशी आणि तेही जावयाला दहाव्याची आठवण द्यायची म्हणजे सौभाग्यवतींनी मला सोडले नसते. शिवाय तुलना तितकीशी खरी नाही. त्या कावळ्याकडून त्यांना काही हवे होते. घारीकडून काय हवे असणार?

नात मात्र जागी होती. तिने विचारले, "आजोबा, घारींना विमान दिसत नाही का?"

"दिसतं ना. पण ते इतकं जोरात येतं की त्यांना बाजूला व्हायला वेळच मिळत नाही."

"मग आपणच व्हायचं ना बाजूला. आम्ही झालो की!" तिला त्या वाढीव अर्ध्या तासात खिडकीतून दोनदा समुद्र दिसला होता, त्यामुळे तिची तक्रार नव्हती.

नरकचतुर्दशीला पहाटे फटाके वाजू लागले तेव्हा समोरच्या झाडावरचे बगळे भर्रकन उठले. जावई म्हणाले, विमानतळावर पक्षी उडवायलाही असेच बार काढतात. शेताच्या माळ्यावर उभे राहून आम्ही गोफण फिरवायचो, त्याचाच हा नवा अवतार. गोफणीने पाखरू उठते, पलीकडच्या शेतात बसते, आणि तिकडची गोफण सुरू होते.

भाऊबीजेच्या दुपारी मुलगी माझ्यापाशी येऊन बसली. सामान बांधून झाले होते.

"अण्णा," ती म्हणाली, "त्या दिवशी आम्ही वर फिरत होतो तेव्हा तुम्ही इथं काय करत होतात?"

"ठिपका पाहत होतो."

"आणि?"

तिला खोटे सांगता येत नाही. लहानपणापासून येत नाही. मी सांगितले की आमच्या जावयांनी नंतर जे तोंडाने म्हटले, ते मी तेव्हा मनात म्हणत होतो. कारण ठाऊक नव्हते, पक्षी आहेत की आणखी काही. पण जे काही त्या विमानाच्या आड आले असेल ते या घटकेला भस्म व्हावे, असे मी देवापाशी मागितले होते. कुणी माझ्या हाती कळ दिली असती तर मी ती दाबली असती. मुंबईतली एकूण एक घार, खाडीतला एकूण एक रोहित. विचारही केला नसता.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मीपण." आणि नातीचे बूट शोधायला उठली.